वायरलेसवरचा आवाज

परवा नागपूरला विमानात बसले. उड्डाणाआधी पायलट म्हणाला, कंट्रोल टॉवरच्या परवानगीची वाट पाहतोय. आणि मला दिग्रसजवळचं माळरान आठवलं, कपाशीवर फवारायच्या औषधाचा घशाला झोंबणारा वास आठवला.

माझे यजमान पलटणीत वायरलेस शिकून आलेले, म्हणून फवारणीच्या विमानासाठी माळावरच्या धावपट्टीशेजारी तंबू ठोकून तिथल्या सेटवर त्यांना बसवलं होतं. मी त्यांची भाकर घेऊन गेले होते.

पायलटनं सेटवरून विचारलं, “निकलूँ?”

“रुकिए, पट्टी पर बैल है,” हे म्हणाले. बैल हाकलल्यावर म्हणाले, “रास्ता साफ, जाइए.”

विमान उडालं. मला वाटलं, यांनीच उडवलं.

मग सरपंच आले. त्यांनी यांचं गाव विचारलं, वस्ती विचारली. आम्ही बौद्ध झालो होतो, पण सरपंचांसाठी वस्ती तीच होती.

“तू कायले बसला इथं? माहा भाचा बोलते. तू तिकडं झेंडी धर.”

हे उठले. भाच्यानं माइक रुमालानं पुसला, मगच तोंडाशी धरला.

दुसऱ्या फेरीआधी पायलटनं विचारलं, “पहलेवाला आदमी किधर है?”

“वो घर गया, साब,” भाचा म्हणाला.

“अच्छा,” पायलट म्हणाला.

हे तर कपाशीच्या टोकाला, औषध कुठं सोडायचं ते विमानाला दाखवायला, झेंडी घेऊन उभे होते.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “उडवलं का रे इमान?”

“उडवलं,” म्हणाले आणि अंगावर पडलेली औषधाची भुकटी धुवायला गेले. पुन्हा कधी ते सेटवर बसले नाहीत.

तेव्हा मला सरपंचाचा राग आला होता. आता पायलटचा जास्त येतो. त्यानं सकाळी यांच्यासोबत चहा घेतला होता, आणि तो यांच्या डोक्यावरूनच उडत गेला.