तांबीने सावंतकाकांचा माग काढला तेव्हा

रविवारची सकाळ, दिंडोशीला आमच्या कॉलनीमागची टेकडी, आणि दहा-बारा बिऱ्हाडं एका कुत्रीची परीक्षा बघायला जमलेली... ऐंशीच्या दशकात आमच्याकडे अशीही करमणूक होती.

कुत्री म्हणजे माझी तांबी. गावठी, रस्त्यावरची, एक कान फाटका. आणि मी कॉलेजात जाणारी, अख्ख्या बिल्डिंगमध्ये हट्टी म्हणून प्रसिद्ध.

सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका तिला म्युनिसिपालिटीच्या कुत्री पकडायच्या गाडीत घालायला टपले होते; त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत येत नसे. मी म्हटलं, ती वासावरून माग काढते, पोलिसांच्या कुत्र्यासारखा. काका खो खो हसले... "गो बाय, ह्या गावठी कुत्र्याक काय कळतला?"

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे पैज लावली. काकांनी टेकडीवर जाऊन स्वतःचा रुमाल लपवायचा, तांबीने शोधला तर ती राहणार. नाही तर सोमवारी गाडी.

रागात बोलून बसले. पण तयारी सहा महिन्यांची होती. रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका इंग्रजी पुस्तकावरून मी तिला शिकवत होते. दवाने ओल्या गवतात पाय दाबत चालायचं, प्रत्येक पावलात पावाचा तुकडा ठेवायचा... मग दर पाच पावलांनी, मग फक्त शेवटी. मागून तांबीने हुंगत यायचं. गळ्यातल्या पट्ट्याला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. ती सैल ठेवायची, कुत्र्याला रस्ता आपण दाखवायचा नाही, एवढंच पुस्तकाचं म्हणणं.

त्या रविवारी काका आमच्या अर्धा तास आधी एकटेच वर जाऊन आले होते. तांबीला त्यांची चप्पल हुंगायला दिली. नाक जमिनीला लावून ती सरळ चढायला लागली... मागे मी, माझ्यामागे वरात.

अर्ध्यावर ती अचानक डावीकडे वळली. तिकडे करवंदीच्या जाळीमागे एक मोठा दगड होता.

"चुकली! मी तिकडे गेलोच नाय!" काका ओरडले. लोक हसायला लागले.

एक हिसका दिला असता तर ती पुन्हा वाटेवर आली असती. तिचा जीव पणाला लागला होता, हात नुसते शिवशिवत होते... पण सहा महिने मी तिच्या नाकावर विश्वास ठेवायला शिकले होते, काकांच्या आवाजावर नाही. दोरी आणखी सैल सोडली.

तांबी दगडाशी जाऊन बसली. सापडलं की बसायचं, असं शिकवलेलं. दगडाखाली सिगारेटचं पाकीट, काडेपेटी आणि ताजं थोटूक... काकांनी गणपतीसमोर शपथ घेऊन सिगारेट सोडली, त्याला दोन वर्षं झाली होती. आणि सावंतकाकू वरातीत सगळ्यात पुढे होत्या.

हसणं एकदम बंद. तांबी उठली, वाटेवर परत आली आणि वरच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन रुमालाजवळ बसली. पण तिकडे बघतंय कोण!

काका म्हणायला लागले की कुत्री मध्येच भरकटली, हे धरायचं नाही. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुत्री हंयच ऱ्हवतली," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून ह्यांच्यावांगडा फिराक जातली."

तांबी पुढे अकरा वर्षं जगली. काका तिला रोज टेकडीवर न्यायचे... कुरकुरत, पण न्यायचे.

आजही कुणी छाती ठोकून सांगितलं की "मी तिकडे गेलोच नाही", आणि बाजूचे चार लोक हसायला लागले, की मी मुकाट्याने दोरी सैल सोडते. एका फाटक्या कानाच्या गावठी कुत्रीने शिकवलंय मला ते. तिचे उपकार आहेत माझ्यावर.