साहेबांसमोरच अडकणारा आवाज

"मॅडम, हा माणूस नाटक करतोय. तेवढं फक्त लिहून द्या."

हे पेशंट बोलत नव्हता, पेशंटचा साहेब बोलत होता. तेही परळच्या माझ्या ओपीडीत, पेशंटच्या खुर्चीत बसून. खरे पेशंट, कांबळे, मागे उभे होते.

कांबळे माझगावच्या एका जहाजदुरुस्ती वर्कशॉपमध्ये सेफ्टी सुपरवायझर. रोज सकाळी कामगारांना सूचना द्यायच्या. क्रेनखाली उभं राहू नका, टाकीत एकट्याने उतरू नका. वर्षभर त्यांचा आवाज शब्दाच्या मध्येच आवळत होता. करी रोडच्या विहारात मात्र ते वंदना खणखणीत म्हणत. म्हणून त्यांनी युक्ती केली. सूचना सुरात म्हणायच्या, कामगारांनी मागून म्हणायच्या. साहेबांनी ते बंद पाडलं. वर तोच पुरावा केला.

"गाताना सुटतो आणि माझ्याशी बोलताना अडकतो?"

"हो. आजारच तसा आहे."

बोलताना मेंदू स्वरतंतूंच्या स्नायूंना चुकीचा हुकूम देतो आणि ते आवळतात. सुरात म्हणताना बहुतेक वेळा आवळत नाहीत. हुकूम देणारा चुकू शकतो, हे साहेबांना नवीन होतं.

"महिनाभर बघतो," ते म्हणाले. "नाहीतर कांबळे गोदामात. तिथे बोलावं लागत नाही."

कांबळ्यांनी मान खाली घातली.

उपाय म्हणजे बोटॉक्स. लोक कपाळाच्या सुरकुत्यांसाठी घेतात तेच. मानेतून बारीक सुई घालायची, तिला जोडलेल्या मशीनवर स्नायूची खरखर ऐकायची आणि अगदी थोडं औषध सोडायचं. स्नायू सैल पडतो.

नंतरच्या सूचनांची यादी मी नेहमी छापून देते. एक प्रत साहेबांनाही दिली. कांबळ्यांना इंजेक्शन दिल्यावर चौथ्या दिवशी साहेबांचा फोन.

"अहो, होता तोही आवाज घालवलात! नुसती हवा येतेय!"

"यादीतला पहिला मुद्दा वाचा."

"कुठला?"

"पहिला. दुसऱ्याच्या वर असतो."

पहिला मुद्दा असा: सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे आवाज फुसका येईल, घाबरू नये. दुसरा: पाणी घोट घोट प्यावं, ठसका लागतो. तिसरा: परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा इंजेक्शन.

तिसऱ्या आठवड्यात कांबळे एकटे आले. खुर्चीत बसले.

"मॅडम, क्रेनखाली उभं राहू नका."

एका दमात. एकही गचका नाही. मी नकळत वर पाहिलं.

"आणि गोदाम?"

"रद्द. पण आता पोरं म्हणतात, कांबळेकाका, सुरातच सांगा. मधले पंधरा दिवस साहेबांनी स्वतः सूचना दिल्या ना. एकालाही आठवत नाहीत."

"मग साहेब?"

"मागे उभे असतात. तेही म्हणतात, तोंडातल्या तोंडात."

यादीत मी चौथा मुद्दा वाढवला आहे, फक्त माझ्या प्रतीत. साहेबांच्या हातात यादी देऊ नये, वाचून दाखवावी. शक्यतो सुरात.