मालकाने शेवटी वाचायचं

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळींचे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. ते आपोआप साठले, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात! लोक ऐकून पोट धरून हसतात. हसा बापडे! मला मात्र अजून सांगताना संताप येतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, आम्ही शहरातल्या सोडाला भागात भाड्याने राहायचो. आमच्यासारखीच बदलीवर आलेली पाच-सहा मराठी घरं होती. कुणी बँकेत, कुणी विम्यात, एक कुटुंब मिलिटरीतलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, साबुदाण्याची खिचडी खायची आणि 'इथे मराठी वाचायला काही मिळत नाही हो' असं म्हणून उसासे टाकायचे.

त्यात विम्यातले कुलकर्णी साहेब आमचे स्वयंघोषित पुढारी. त्यांनी एक नियम काढला. कुणाच्याही घरी मराठी पुस्तक आलं की ते आधी बाकीच्यांनी वाचायचं, मालकाने शेवटी. का? तर म्हणे, "वहिनी, तुमचं काय, पुस्तक कायमचं तुमच्याच घरी राहणार आहे!"

ऐकायला किती छान वाटतं! आणि मी बावळट, सगळ्यात आधी मान डोलावली.

आता माझी पंचाईत ऐका. माझे वडील, नाना, श्रीगोंद्याला असायचे. रिटायर्ड मास्तर. आई गेल्यावर एकटेच. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला ते बुकपोस्टाने एक पुस्तक पाठवायचे आणि सोबत एकच ओळ लिहायचे, 'वाचून कसे वाटले ते कळव.' पुस्तक आलं की त्याच आठवड्यात कुणीतरी ते उचलून न्यायचं. नानांना उत्तर तर पाठवायला हवं! मग मी ठोकून द्यायचे. 'पुस्तक फार आवडले. शेवट मनाला चटका लावून गेला. त्या सुनेचे हाल वाचवले नाहीत.' मराठी पुस्तक म्हटल्यावर एखादी सून असणारच आणि तिचे हाल होणारच, असा माझा हिशेब!

अशी सहा वर्षं गेली. सहा पुस्तकं आली. वाचलेली, शून्य.

आणि त्या वर्षी भाद्रपदात नानांचं पत्र आलं. 'दिवाळीला येतो. पंधरा दिवस राहीन. पुस्तकांवर निवांत बोलू.'

माझ्या तोंडचं पाणीच पळालं! ज्या माणसाने जन्मभर पोरांना 'खोटं बोलू नका' शिकवलं, त्याच्याशी त्याच्याच पोरीने सहा वर्षं खोटं बोलावं? मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केली. पुस्तकांची नावंसुद्धा धड आठवेनात. म्हणून लिहिलं, 'फार जाड, जाड, मध्यम, मध्यम, मध्यम, पातळ.' पुढे कोणाकडे ते लिहिलं, पदर खोचला आणि निघाले.

*

पहिलं घर कुलकर्ण्यांचं. 'जाड' त्यांच्याकडे दोन वर्षं होतं. ऐतिहासिक कादंबरी. त्यावर त्यांनी आमच्या दोन रविवारी भाषणं ठोकली होती! "शेवटची शंभर पानं म्हणजे कमाल! अंगावर काटा येतो!" आम्ही खिचडी गार करून ऐकलं होतं.

घरी येऊन पुस्तक उघडलं. तुम्हाला माहीत असेल, तेव्हा काही पुस्तकांची पानं बाइंडिंगमध्ये नीट कापली जायची नाहीत. वरच्या कडेला जोडलेली असायची, आपणच सुरीने सोडवून घ्यायची. या पुस्तकाची पानं एकोणपन्नासपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी जोडलेली!

माझं डोकंच फिरलं. तशीच परत त्यांच्या दारात. "साहेब, शेवटची शंभर पानं वाचलीत कशी? प्रकाशाला धरून?"

माणूस जरा तरी ओशाळेल की नाही? छे! चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, प्रस्तावना कशासाठी असते मग?"

*

'फार जाड' गोखल्यांकडे होतं, शहराबाहेरच्या मानसरोवर कॉलनीत. तिकडे तेव्हा नुकती वस्ती होत होती. बसमधून उतरून धुळीतून पंधरा मिनिटं तंगडतोड करत गेले. गोखले बँकेत, बायको मुलखाची गोड बोलणारी.

"ताई, तुमचं पुस्तक ना? हे काय, इथेच आहे!"

इथेच म्हणजे कुठे? खिडकीतल्या कूलरच्या स्टँडखाली! एक पाय आखूड होता, त्याखाली माझ्या बापाने पाठवलेलं पुस्तक! पाणी ठिबकून ठिबकून पुरीसारखं फुगलेलं!

"अहो, हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"मतलब, त्याच्याशिवाय कूलर फार हलतो हो," ती म्हणाली. "पण भिजू नये म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय बघा. दुसऱ्याची वस्तू आहे, काळजी नको घ्यायला?"

मी अंगणातली एक वीट आणून तिथे सरकवली आणि पुस्तक काखेला मारून निघाले. वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. दोन दिवसांनी गोखले स्वतः स्कूटर काढून आमच्याकडे हजर! मला वाटलं, माफी मागायला आले.

म्हणाले, "वहिनी, वीट एक इंच जास्त होतेय. तेवढ्याच जाडीचं दुसरं काही आहे का?"

*

एक 'मध्यम' मेजर साळुंख्यांकडे होतं आणि साळुंख्यांची बदली झाली होती पार तिकडे आसामात! मिलिटरीच्या बायकांचं सामान काळ्या पेट्यांमध्ये, पेट्यांवर पांढऱ्या रंगात नंबर. मिसेस साळुंखेला मी पत्र लिहिलं, 'पुस्तक ताबडतोब पाठव, माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे.'

पुस्तक आलं. एक कॅप्टन सुट्टीवर घरी चालला होता, त्याने आणून दिलं. त्या पोराने माझी सही घेतली, चक्क कागदावर! 'एक पुस्तक, मराठी, वापरलेले.' कसलं वापरलेलं? ते पेटीतून बाहेरच निघालं नव्हतं!

सोबत चिठ्ठी होती. 'कुंदाताई, सॉरी. पेटी नंबर सात जयपूरला भरली ती आज उघडली. तुमचं पुस्तक वरच होतं. खाली एक पुरणयंत्र निघालं. कुणाचं असेल?'

आता काय सांगू! त्या पुरणयंत्रावरून मिसेस कुलकर्णी आणि मिसेस गोखले यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. एक म्हणायची मी परत दिलं, दुसरी म्हणायची दिलंच नाही! मी धावत जाऊन दोघींना चिठ्ठी दाखवली. म्हटलं, चला, भांडण मिटलं.

मिटलं खरं. तेव्हापासून त्या दोघी मिळून माझ्याशी बोलत नव्हत्या. का? तर मी हे वर्षभर आधी का शोधलं नाही!

*

उरलेली दोन 'मध्यम' तर माझ्याच घरात सापडली, कधीतरी परत येऊन पडलेली. एक गाद्यांच्या ट्रंकेत, एक ह्यांच्या ऑफिसच्या फायलींखाली. 'पातळ' तेवढं नेल्याचं कुणीच कबूल करेना. जाऊ दे म्हटलं, पाच तर पाच. दिवाळीला महिना होता. रोज दुपारी भांडी आवरली की मी व्हरांड्यात खुर्ची टाकून वाचायला बसू लागले.

बाईमाणूस भरदुपारी पुस्तक घेऊन बसलंय, हे कुणाला बघवतं? पहिल्या दिवशी शेजारच्या शर्माजींची बायको कुंपणावरून डोकावली. "भाभीजी, फ्री बैठी हो?" आणि मटार सोलायची परात घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आमचे हे लवकर घरी आले, मला बघून दचकलेच. "का गं, बरं नाहीये का?" मुलगी मनीषा, तिचं सगळं शिक्षण हिंदीत, पण पुस्तक हातात घेऊन अडखळत शेवटचं पान वाचून काढायची आणि जाहीर करायची, "आई, हा मरतो. अब रख दो ना, भूक लगी है."

मी हट्टाला पेटले! भाजीवाल्याला हाकललं, शर्मीणबाईंना 'नहीं' म्हटलं, ह्यांना सांगितलं, चहा स्वतः करून घ्या. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही.

आठव्या दिवशी शर्मीणबाई कचोऱ्यांची ताटली घेऊन आल्या. डोळ्यांत पाणी. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "भाभीजी, पूरी गली को पता है। माफ कर दो भाईसाहब को। आदमी से गलती हो जाती है।"

पुढे सहा महिने गल्लीतली एकही बाई ह्यांच्या नमस्काराला उत्तर देत नव्हती.

*

नाना आले. मी पाचही पुस्तकं वाचून तयार! परीक्षेला बसल्यासारखी टिपणंसुद्धा काढली होती. स्टेशनवरून घरी येताना रिक्षातच सुरुवात केली. "नाना, ते प्रवासवर्णन आहे ना, त्यात तो बर्फातला मुक्काम—"

"हं," नाना म्हणाले. "तुमच्या शेजारच्या शर्मीणबाईंच्या सासूचा पाय बरा झाला का?"

दुसऱ्या दिवशी मी कादंबरी काढली, तर म्हणाले, "गोखल्यांचा कूलर बघायला जायचं का एकदा?" तिसऱ्या दिवशी आत्मचरित्र काढलं, तर मनीषाची शाळा, तिची भांडकुदळ बाई, वरच्या मजल्यावरचं माकड! सगळं नानांना पाठ! मी मनातून चरफडत होते. महिनाभर जिवाचं रान करून वाचलं ते काय माकडाची चौकशी ऐकायला?

त्यात दुसरा रविवार आमच्या घरी होता. सगळे आले. बोलत नसलेल्या दोघीसुद्धा आल्या, नाना काय म्हणतील म्हणून. कुलकर्णी साहेब हातात खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक नाचवत आले. "वहिनी, तुमचं पातळ सापडलं! माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होतं. तीन वर्षांपूर्वी तुमच्या दारातूनच नेलं होतं, तुम्ही उघडायच्या आधी!"

आणि नेहमीच्या ऐटीत त्यांनी सगळ्यांसमोर पहिलं पान उघडून मोठ्याने वाचलं.

"कागदी लिंबाची लागवड व खतव्यवस्थापन."

खोलीत एकच हशा! गोखले तर खिचडीला ठसकले. मला मात्र घाम फुटला. कारण त्या पुस्तकावर मी नानांना काय लिहिलं होतं, ते मला लख्ख आठवलं. 'शेवटी तर रडू आवरेना. त्या सुनेला अशी शिक्षा व्हायला नको होती.'

मी उठून तडक स्वयंपाकघरात गेले. कान तापले होते. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. नाना मागोमाग आले, दारात उभे राहिले.

"नाना, हे चुकून पाठवलंत की मुद्दाम?"

"मुद्दाम," नाना म्हणाले. "त्याच्या आदल्या वर्षी प्रवासवर्णन पाठवलं होतं. त्यातही तुला सून सापडली. तेव्हाच शंका आली."

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं! मी खोटं लिहितेय, तुम्हाला माहीत होतं आणि तरी दर वर्षी 'कसे वाटले ते कळव'! एका शब्दाने बोलला नाहीत! शाळेत पोरांना छड्या मारायचात ना खोटं बोललं की? मग मलाच का सोडलंत?" माझा आवाज बाहेर जात होता, पण मला कशाचं भान होतं!

नाना म्हणाले, "एरवी तुझं पत्र चार ओळींचं असतं, कुंदा. 'सर्व खुशाल, काळजी नसावी.' पुस्तक पोचलं की मात्र दोन पानं येतात. खोटं लपवायला तू सगळं लिहितेस, शर्मीणबाई, माकड, मनीषाचे मार्क. पुस्तकाच्या तीन ओळी सोडून दिल्या की बाकी सगळं खरं असायचं."

मी पदराने तोंड पुसलं. म्हटलं, "आता खोटं नाही लिहिणार, नाना. पाचही पुस्तकं वाचलीत मी, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. विचारा काहीही."

नानांचा चेहरा उतरला.

"सगळी वाचलीस?" ते म्हणाले. "मग आता पत्रात पुस्तकाचंच येणार का?"