शेंगदाण्याच्या दुधाचा चहा

पुणतांब्याच्या आमच्या घरात चहा कधी घड्याळावर झाला नाही, गाईवर झाला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धार काढून चरवी ओट्यावर आणून ठेवायच्या आणि मग मी आधण ठेवायचं. माझं माहेर नगरच्या नागापूरचं, वडील कारखान्यात. आमच्याकडे दूध पिशवीतून यायचं, त्यामुळे त्या कोमट दुधाचा वास मला सुरुवातीला सोसायचाच नाही. "पिशवीवर वाढलीया ही," आत्याबाई म्हणायच्या आणि माझ्याच कपात दूध जास्त ओतायच्या. आता त्या नाहीत. पण सकाळी चहाचं पातेलं ठेवलं की अजून मला त्यांची चाहूल लागते.

लंपीची साथ आली आणि आमची गाय गेली. मळ्याच्या बांधाला खड्डा काढला, मीठ घालून तिला पुरली. आत्याबाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "आजपून माझं दूध बंद. तिचं पीत हुते, आता दुसरीचं न्हाई पिनार."

दूध बंद म्हणजे चहा बंद. कोरा चहा त्यांच्या लेखी काढा, तो आजारी माणसानं प्यावा. चहा सुटला तसं त्यांचं स्वयंपाकघरात येणंही सुटलं. सकाळभर रिकाम्या गोठ्यासमोर बसून राहायच्या. बोलणं नाही, जेवण चिमणीएवढं. ही बाई गाईच्या मागोमाग जाते की काय, अशी मला भीतीच वाटायला लागली.

मी काही सोशिक नाही. घरात कुणी गप्प बसलं की माझं डोकं फिरतं. मोबाईलवर बघून बघून गाईशिवायचं दूध करायला घेतलं. नारळाचं घातलं तर चहाला आमटीचा वास. तिळाचं कडू निघालं. शेंगदाण्याचं कच्चंच ओतलं, तर आल्याच्या चहात फाटून सगळा चोथा वर आला. मालक कप हातात घेऊन म्हणाले, "हे पिऊ का भाकरीशी खाऊ?" आणि वर, "दुधाची तहान शेंगदाण्यावर!"

"गप प्या," म्हटलं, "नाहीतर उद्यापासून तुमचाही कोराच."

शेवटी जमलं. दाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, बारीक वाटून फडक्यातून पिळायचं आणि ते दूध वेगळं चांगलं उकळायचं. आलं अजिबात नाही, वेलदोडा चालतो. चहा खाली उतरवायचा आणि मगच दूध ओतायचं. त्या दिवशी मालकांनी आपणहून दुसरा कप मागितला.

मी नाचतच गोठ्याकडे गेले. "घ्या आत्याबाई. दूध नाही यात, शेंगदाणे आहेत."

त्यांनी कपात पाहिलं. वर पातळ साय धरली होती. बोटानं उचलून माझ्यापुढे धरली. "ही साय न्हाई तर काय हाय?"

"शेंगदाण्याचीच आहे ती."

"मला येडी समजतीस व्हय? जल्म दुधात गेला माझा. शेंगेला कुटं साय येती? फसवून पाजतीस मला!" आणि सगळा चहा मातीत ओतला.

त्या दिवशी त्यांनी माझ्या हातची भाकरीही घेतली नाही. मला रडूही आलं आणि रागही. इतकं खपायचं आणि वर मीच खोटारडी! त्यांचा नेम मोडायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हाताला धरून ओढतच स्वयंपाकघरात आणलं. "बसा इथं. डोळ्यांनी बघा, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

फुगून बसल्या. पण भिजलेल्या दाण्यांची पाटी पुढ्यात आल्यावर हात काही गप्प बसेनात, सालं काढायला लागल्या. मी वाटलं, पिळलं, पातेलं गॅसवर ठेवलं. उकळी आली, गॅस बारीक केला. दोघी वाकून बघत राहिलो. हळूहळू दुधावर सुरकुत्या पडल्या आणि साय धरली.

"अगं बया!" आत्याबाई म्हणाल्या. "शेंगेला बी साय येती!"

"बघा आता."

"मंग काल म्या तुला उगंच बोलले."

"बोललातच."

चहा बशीत ओतून त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. "बरा झालाय गं." पातेल्यातली साय बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळून पाहिली, आणि बोटाकडे बघत बसल्या.

"तिची लई जाड हुती गं," म्हणाल्या. "भाकरीवर पसरली तर भाकर दिसायची न्हाई."

आणि गाय गेल्यापासून पहिल्यांदा आत्याबाई रडल्या, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, मोठमोठ्यानं.