पितळेच्या नळ्या घासणारे भाऊजी

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही एकाच वीजघरात होतो. मी फिटर, ते कंडेन्सरच्या नळ्या घासायचे. टर्बाइन फिरवून आलेली वाफ या नळ्यांना बाहेरून लागते, आतून थंड पाणी वाहतं, वाफेचं पाणी होतं. नळीत क्षार बसला की गरमी पाण्यात उतरत नाही. मग यंत्र बंद करून, लांब सळईला ब्रश लावून एकेक नळी घासायची. गुडघ्यावर बसून, तोंडावर गाळ घेत. भाऊजींनी उभा जन्म हेच केलं. उजवा खांदा त्यातच गेला.

मग एका कंडेन्सरला पितळेऐवजी स्टीलच्या नळ्या बसल्या. त्यांतून पाण्याबरोबर स्पंजचे गोळे फिरणार, नळी आतून पुसणार. घासायला माणूस नको. आपल्याला फाटकावर राखणीला बसवतील, अशी भाऊजींना धास्ती बसली.

"स्टील गरमी ओढत नाही," ते म्हणायचे. "चहात चमचा बुडवून बघ."

"नळीचा पत्रा पातळ आहे, भाऊजी."

"कागदाचा असू दे. काढतील परत. तू तुझे पाने तयार ठेव."

यंत्र सुरू झालं, तर व्हॅक्यूमचा काटा खरंच नव्या पितळेपेक्षा जरा खाली राहिला. म्हणजे वाफ तेवढी नीट जिरत नव्हती. त्या दिवशी भाऊजी चार घास जास्त जेवले. ताई म्हणाली, "काय हो, बढती मिळाली की काय?"

पण काटा तिथेच टिकला. शेजारच्या पितळी नळ्यांच्या कंडेन्सरचा मात्र धुतल्यावर चढायचा आणि घसरत जायचा. जुनं पितळ आतून झिजून खडबडीत झालेलं, क्षार लगेच धरायचं. पुन्हा सळई, पुन्हा भाऊजी.

शेवटी त्या कंडेन्सरच्याही नळ्या बदलायच्या झाल्या. आमच्या इंजिनिअर बाई असं काही ठरवण्याआधी घासणाऱ्याला विचारायच्या.

"बोला, पितळच घालू?"

आता हे भांडणार, असं मला वाटलं.

भाऊजींनी एका नळीच्या तोंडात बोट फिरवलं. "नवं पितळ स्टीलपेक्षा सरसच, बाई. ते मी सोडणार नाही. पण त्याला सारखा कुणाचा तरी हात लागतो." त्यांनी खांदा दाबला. "स्टील घाला."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "फाटकावर बसवतील हो."

"बसवू देत. खुर्ची तरी मिळेल."