समोरचं दार

कमी खर्चातली, मातीच्या विटांची बारा छोटी घरं मी आखली, तेव्हा एका गोष्टीचा मला अभिमान होता. कुणाचंही दार कुणाच्या दारासमोर येत नव्हतं.

वर्षभराने सहज तिकडे गेलो. एकट्या राहणाऱ्या शांतामावशी घरामागच्या बोळात बसून तांदूळ निवडत होत्या.

“मावशी, पुढे ओटा बांधलाय की. इथे कशाला बसता?”

“तिथून भिंतच दिसते हो. इथून त्या पलीकडच्या बाईंचं दार दिसतं. ते उघडलं की बरं वाटतं.”

ऊन आणि वारा मी नीट मोजला होता. हे मात्र सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी आठव्या मजल्यावर माझ्या घराचं कुलूप काढताना मागे वळून पाहिलं. समोर लिफ्टचं दार होतं. ते उघडेल म्हणून मी उगाच थोडा वेळ थांबलो.