धडगावच्या एकोणीस माश्या

गिरधरदादाचं अक्षर देखणं होतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या अक्षरानेच घातला. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तो गावाचं नाव लिहायचा आणि ते वाचताही यायचं. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला आमच्या कळसाडीत तेव्हा तो एकटाच. तो माझा थोरला चुलतभाऊ. मी चुडामण, त्याच गावच्या शाळेत मास्तर. 'मुंबईच्या अजबखान्यात नाव असलेला माणूस' म्हणून लोक अजून त्याला हात जोडतात. मी जोडत नाही.

१९११ साली शहाद्याला एक गोरा साहेब माश्या गोळा करायला आला. मधमाश्या नव्हेत. पोळं न बांधता जमिनीत, नदीच्या दरडीत, वाळक्या काटकीत एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्या असतात, त्यांच्या शेकड्यांनी जाती असतात, त्या देशभरातून जमवून अजबखान्यात ठेवायच्या, हे त्याचं काम. आमची माणसं पोट धरून हसली. साहेबाने दादाला हाताशी घेतलं, जाळी दिली, टाचण्या दिल्या आणि एकच नियम घालून दिला: प्रत्येक माशीच्या टाचणीला त्याच दिवशी चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर चार ओळी. जागा, तारीख, कोणत्या फुलाझाडावर, आणि शेवटी पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर माशी केरात टाक, असं साहेब म्हणायचा.

दादाने तापीकाठ पिंजून काढला. जाळी त्याला जीव की प्राण झाली. मग आश्विनात साहेबाने फर्मावलं, वर धडगावला जा, आठ दिवस राहा आणि डोंगरातल्या माश्या आण. इथे माशी शिंकली.

आम्हा सपाटीवरच्या माणसांना पावसाळ्यानंतर डोंगराचं पाणी लागतं. ताप आला असं कोणी म्हणत नाही, पाणी लागलं म्हणतात, आणि लागलेला माणूस पिवळा पडून मरतो. दादाचा सख्खा भाऊ नवल असाच गेला. सागाची लाकडं आणायला वर गेला होता, हळदीसारखे डोळे घेऊन परत आला. त्यांच्या आईने, भिकुबाईकाकूने, दादाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती की डोंगराच्या पायथ्याच्या म्हसावदच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. साहेबाला हे सांगावं तर जाळी जाणार. मग दादा आठ दिवस गोमाई नदीकाठी सासरी जाऊन बसला, तिथल्या दरडीतल्या माश्या पकडल्या आणि चिठ्ठ्यांवर 'धडगाव' लिहून मोकळा झाला. असे तीन आश्विन. साहेब खूश. पुढे साहेब विलायतेला गेला, पेट्या मुंबईला गेल्या आणि दादा शेतीला लागला. मंगलावहिनीला हे ठाऊक होतं, कारण माहेर तिचंच. मला नव्हतं.

पंचवीस वर्षांनी, पुन्हा आश्विनातच, मोतीलाल आला. नंदुरबारचा पोरगा, शिकून मुंबईच्या त्या संग्रहालयात लागलेला, तिशीचा आणि हसतमुख. जुन्या पेट्या उघडून, चिठ्ठ्या वाचून, देशातल्या रानमाश्यांची तो एक मोठी वही करत होता. कोणती माशी कुठे होती, कोणत्या महिन्यात होती, आता आहे की नाही. दादाच्या ओट्यावर बसून त्याने ती वही उघडली. पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी सगळ्यांना सपाटीवरच सापडली होती. एवढ्या उंचावर ती एकाच माणसाने पकडली होती. एकोणीस माश्या, सगळ्या धडगावच्या, सगळ्या आश्विनातल्या. एवढं सांगून मोतीलाल उठला आणि भरल्या गावासमोर दादाच्या पाया पडला.

"आते जाऊ नका भाऊ," दादा म्हणाला. "वरनं पानी लागस. आखाजीले जा, उन्हायामा."

"चिठ्ठीवर त आश्विन शे," मोतीलाल म्हणाला. "मन्हाजोडे क्विनाईन शे. आनि तुम्ही त तीन सालं गयथात, तुम्हले कोठे काय व्हयनं?"

सगळे हसले. दादाही हसला. ते हसू आठवलं की मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या भिला नावाच्या गड्याला सामानासाठी बरोबर घेऊन मोतीलाल वर गेला. दुपारी दादाने मला शेताच्या बांधावर नेलं आणि सगळं सांगितलं. सांगताना रडत होता. तेव्हाच घोड्यावर माणूस पाठवला असता तर मोतीलाल म्हसावदला गाठता आला असता. मी काय म्हणालो? "गप ऱ्हाय दादा. चार दिनमा ई जाई तो." गावात अब्रू जाईल, घराण्याचं हसं होईल, एवढंच माझ्या डोक्यात. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा मास्तर मी.

चार दिवस गेले, सहा गेले. दादा जेवेना. कापूस फुटून शेत पांढरं झालं होतं, वेचणाऱ्या बाया येऊन विचारून जात, आणि हा उत्तरेकडच्या डोंगराकडे तोंड करून बसलेला. आता काहीतरी होणार हे घरातल्या लहान पोरांनाही कळत होतं, त्यांनी अंगणात खेळणं सोडलं होतं. नवव्या दिवशी भिला एकटाच खाली आला.

मोतीलालला पाचव्या दिवसापासून थंडी वाजत होती. तरी घोंगडी पांघरून तो ओढ्याच्या दरडी शोधत फिरत होता. "मी म्हनं चला," भिला सांगू लागला, "त म्हनस, चिठ्ठीवर लिखेल शे म्हनजे आठेच शे. ती सापडाशिवाय मी खाले येत नही." आणि डोळे? दादाने विचारलं. भिलाने मान खाली घातली.

वहिनी दारात उभी होती. "आते तरी जा," ती म्हणाली.

काकू वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दादा निघाला, मागे मी. म्हसावद आलं, मागे पडलं, घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना हिरवं रान, जागोजागी ओढे खळखळत होते, आणि घशाला कोरड पडली तरी आम्ही त्या पाण्याला शिवलो नाही.

धडगावला चावडीमागच्या खोलीत मोतीलाल दोन घोंगड्यांखाली पडला होता. दादाला पाहून त्याचा चेहरा खुलला. "बरं व्हयनं तुम्ही उनात. जागा दखाडा मले."

"जागा नही शे," दादा म्हणाला. "मी धडगाव आज पहिल्यांदा देखं. त्या चिठ्ठ्या खोट्या शेतस."

मोतीलालने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने वही मागितली, पेन्सिल मागितली. निळ्या पट्ट्यांच्या एकोणीस खोडल्या. मग दादाच्या नावावरच्या बाकीच्या, चारशेच्या वर होत्या, त्या एकेक वाचू लागला. प्रकाशा, तिळाच्या फुलावर? खरी. तोरणमाळ? खोटी. कळसाडी? खरी. हळूहळू दादा अडखळायला लागला. एकदा जमलं म्हणून त्याने पुढे कुठे कुठे काय काय लिहिलं होतं, गावं, फुलं, तारखा, त्याचं त्यालाच सांगता येईना. "मले याद नही," तो म्हणाला. पुढच्या चिठ्ठीलाही तेच म्हणाला.

"मंग सारंच गयं," मोतीलाल म्हणाला. त्याने पानामागून पान खोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सकाळी झोळी करून, तिथले चार पावरा आदिवासी गडी मिळवून आम्ही त्याला उतरवायला घेतलं. घाटातल्या तिसऱ्या वळणावर झोळी टेकवली, तेव्हा तो गेलेला होता.

म्हसावदच्या पोलीस पाटलाने मयताच्या नोंदीचा कागद काढला, वर मोतीलालचं नाव लिहिलं आणि बाकीचं भरायला मला दिला. दादाने माझ्या हातातला टाक काढून घेतला. त्या बारीक, देखण्या अक्षरात त्याने लिहिलं: धडगावचा घाट, वरून तिसरं वळण. खाली तारीख. त्याखाली, मोहाच्या झाडाखाली. आणि चौथ्या ओळीत स्वतःचं नाव.

पाटील कागदाकडे बघत राहिला. "आठे तुम्हनं नाव काबर लिखं?"

दादाने टाक पुन्हा दौतीत बुडवला. चौथी ओळ पकडणाऱ्याची असते, हे मला कळलं होतं. तिच्याखाली अजून एक नाव मावेल एवढी जागा होती. दादाने टाक माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही.